कणांच्या वाटेवरचा सांधेवाला

अमडापूर हे बुलडाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले, खामगावच्या रस्त्यावरचे गाव. गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी जुनीच आहे, पण आगगाडी पकडायची तर अमडापूरकराला आजही खामगाव गाठावे लागते, आणि खामगावही मुख्य मार्गावर नाही. मुंबई-नागपूर मार्गावरील जलंब स्थानकातून १८७० मध्ये वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी खामगावपर्यंत तेरा-एक किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला. जलंबला आलेल्या गाडीने सरळ शेगावकडे जायचे की खामगावकडे वळायचे, हे तेथील रुळांचा सांधा ठरवतो. निमुळती केलेली रुळांची दोन पाती वीतभरसुद्धा सरकत नाहीत. पण तेवढ्यावर शेकडो टनांची गाडी मुकाट वाट बदलते. सांध्याचा एकच नियम असा की, गाडी वर असताना तो हलता कामा नये. पुढचे डबे एका वाटेने आणि मागचे दुसऱ्या वाटेने निघाले, तर काय होईल हे सांगायला नको.

याच अमडापूरपासून उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर, इंदूरला असाच एक सांधा आहे. त्यावरून जाणारी गाडी मात्र प्रकाशाच्या वेगाने धावते.

इंदूरच्या या केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली. अणुऊर्जा विभागाने लेसर आणि कणत्वरक या दोन विषयांसाठी ते उभारले. त्याचे पहिले नाव 'सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी'. जुनी मंडळी अजून 'कॅट'च म्हणतात. २००५ च्या डिसेंबरात त्याला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले, आणि त्याच सुमारास 'इंडस-२' हे साठवण-वलय राष्ट्राला अर्पण झाले. वलयाचा परीघ १७२.५ मीटर. त्यातील निर्वात नळीत इलेक्ट्रॉन फिरत राहतात, वळणावर क्ष-किरणांसारखा प्रखर प्रकाश फेकतात आणि त्या प्रकाशात प्रथिनांपासून पोलादापर्यंत नाना पदार्थांची अंतर्रचना तपासली जाते. इलेक्ट्रॉनला एका फेरीला लागणारा वेळ ५७५ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम एक फूट पुढे जातो. अमडापूर ते इंदूर हे अंतर कापायला प्रकाशाला जो वेळ लागेल, तेवढ्यात इंडस-२ मधला इलेक्ट्रॉन आपल्या वलयात साडेचौदाशे प्रदक्षिणा घालतो. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरले, तर त्या अवधीत फेऱ्या होतात पावणेदोन लाखांच्या आसपास.

हे इलेक्ट्रॉन वलयात जन्माला येत नाहीत. ते बाहेरून आणून आत सोडावे लागतात. प्रथम मायक्रोट्रॉन नावाचे यंत्र त्यांना २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा देते. मग २८.४४ मीटर परिघाच्या 'बूस्टर' वलयात ती साडेपाचशे दशलक्षांपर्यंत चढवली जाते, आणि तेथून एका नळीवाटे इलेक्ट्रॉन इंडस-२ च्या दाराशी येतात. दारातून आत घेणे, म्हणजेच अंतःक्षेपण, ही ऐकायला किरकोळ वाटणारी पायरी त्वरकाच्या रचनाकारांना सर्वांत जास्त छळते.

अडचण कशी आहे ते एका परातीवरून कळेल. खोलगट परातीच्या काठावरून गोटी सोडली की ती तळातून वेगाने समोरच्या काठापर्यंत चढते आणि परत फिरून निघाली तेथेच येते. घर्षण नसेल, तर गोटी जेथून आत आली तेथून ती बाहेर पडणारच. तिला आत अडकवायचे असेल, तर ती आत शिरल्यावर आणि काठापर्यंत परतण्यापूर्वी परातीतच काही बदल करावा लागेल. इलेक्ट्रॉनचेही तसेच. जे स्थिर चुंबकीय क्षेत्र त्याला बाहेरून वळवून वलयात आणील, तेच एका फेरीनंतर त्याला पुन्हा गाठून वाटेबाहेर फेकील. क्षेत्र कितीही कौशल्याने आखा, ते कायमचे असेल तर त्याचा उपयोग नाही. इलेक्ट्रॉन येताना ते असले पाहिजे, आणि तोच इलेक्ट्रॉन वलयात फिरून भलत्या जागी परतण्याआधी ते नाहीसे झाले पाहिजे.

हे काम करणाऱ्या चुंबकाला तंत्रज्ञ 'किकर' म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ लाथ मारणारा. 'ढकल-चुंबक' असा मराठी शब्द करायला हरकत नाही, पण प्रयोगशाळेत तो कोणी वापरणार नाही. हे चुंबक ताकदीने मोठे नसते. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र साधारणपणे दीड टेस्ला असते, तर किकरचे बहुधा त्याच्या काही शतांश. त्याची खरी परीक्षा होते ती वेळेवर उगवण्याची आणि वेळेवर मावळण्याची. त्याची रचना करणाऱ्याचा बराचसा कस मावळण्यापायीच लागतो.

एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल, अर्धा मीटर लांबीचा किकर घ्यावा. त्याच्या दोन ध्रुवांतील अंतर ४ सेंटिमीटर, रुंदी ८ सेंटिमीटर आणि तारेचा वेढा एकच. त्यातून १००० अँपिअर प्रवाह सोडला, तर सुमारे ०.०३ टेस्ला क्षेत्र निर्माण होते. साडेपाचशे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला ते इतके वळवते की मीटरभर पुढे गेल्यावर तो मूळ वाटेपासून आठ-साडेआठ मिलिमीटर दूर सरकलेला असतो. सांध्याची पाती किंचित सरकतात आणि गाडी हळूहळू दूर जाते, तोच प्रकार. येथवर सगळे सोपे आहे. पण प्रत्येक चुंबकाला एक प्रकारचे जडत्व असते. त्यातला प्रवाह एकाएकी वाढू दिला जात नाही. वाढवायचा तर दाब द्यावा लागतो. या जडत्वाला प्रवर्तकता म्हणतात. वरच्या चुंबकात १००० अँपिअर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे हजार नॅनोसेकंदांत, चढवायचे असतील तर साडेबाराशे व्होल्ट पुरतात. तेच ५० नॅनोसेकंदांत हवे असतील तर २५ हजार व्होल्ट लागतात. घरातील विजेच्या शंभरपट दाब, तोही डोळ्याला न दिसणाऱ्या अवधीपुरता.

साध्या विद्युतचुंबकात प्रवाह कमी पडला की तारेचे वेढे वाढवतात. शाळेत खिळ्याला तार गुंडाळणाऱ्या मुलालाही हे ठाऊक असते. किकरमध्ये ही युक्ती अंगाशी येते. वेढे दोन केले तर प्रवाह निम्मा लागतो हे खरे. पण प्रवर्तकता चौपट होते, आणि लागणारा दाब दुप्पट. म्हणून किकरला बहुधा एकच वेढा असतो. तार कसली, तांब्याचा जाड पट्टाच तो. घाई असेल तेथे वेढे कमी आणि प्रवाह प्रचंड, असा हा उलटा व्यवहार आहे.

पुढचा प्रश्न चुंबकाच्या गाभ्याचा. नेहमीच्या चुंबकाचा गाभा पोलादी असतो. पोलाद विजेचे वाहक आहे, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहकाच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. हे भोवरा-प्रवाह बदलाला विरोध करतात: क्षेत्र वाढू लागले की त्याला दाबतात, ओसरू लागले की धरून ठेवतात. रोहित्रात पोलादाचे पातळ पत्रे एकमेकांपासून अलग ठेवून त्यांना आवर घालता येतो. तेथे क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा बदलते. सेकंदाच्या कोट्यंशात बदलायचे असेल तर पत्रे पुरत नाहीत. मग गाभा करायचा तो फेराइटचा. लोहाच्या ऑक्साइडात निकेल आणि जस्त मिसळून भट्टीत भाजलेली ही काळी, ठिसूळ, कपबशीसारखी फुटणारी वस्तू चुंबकीय असूनही वीज जवळपास वाहू देत नाही. तिला वळवता येत नाही, ठोकता येत नाही. घासून आणि कापूनच मापात आणावी लागते.

गाभ्याची सोय झाली तरी मधल्या नळीचे काय? इलेक्ट्रॉन निर्वात नळीतून जातात आणि वलयात इतरत्र ही नळी धातूची असते. किकरच्या पोटातही ती धातूची ठेवली, तर भोवरा-प्रवाह तिच्यातच उठतील आणि क्षणभराचे क्षेत्र आत पोहोचणारच नाही. म्हणून तेवढा तुकडा चिनी मातीच्या जातीच्या, ॲल्युमिनाच्या नळीचा करतात. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. नळीतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्याबरोबर नळीच्या भिंतीतूनही तेवढाच उलट प्रवाह धावत असतो. त्याला वाट लागते. मातीच्या भिंतीत त्याला वाट मिळाली नाही, तर त्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आसपास साचते आणि शलाकेची घडीही विस्कटते. तोडगा असा की, नळीला आतून टायटेनियमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर द्यायचा. जाडी साधारण एक मायक्रोमीटरच्या आगेमागे, म्हणजे केसाच्या जाडीचा काही दशांशही नाही. थर जाड झाला तर किकरचे क्षेत्र अडते, पातळ झाला तर नळी तापते. दोन्ही बाजूंनी चिमटा आहे, आणि त्यातून निघणारी वाट अरुंद आहे.

आता राहिला तो हा झटका देणारा हात. हजारो व्होल्टांवर भरून ठेवलेले कपॅसिटर हा त्याचा खजिना. प्रश्न तो उघडणाऱ्या किल्लीचा. घरातले बटण दाबल्यावर त्याच्या पट्ट्या टेकायला जो वेळ लागतो, तेवढ्यात आपला इलेक्ट्रॉन हजारो फेऱ्या करून मोकळा होईल. येथे अनेक दशके राज्य केले ते थायराट्रॉनने. ही एक नळी आहे. तिच्यात अत्यल्प दाबाचा हायड्रोजन किंवा ड्युटेरियम वायू भरलेला असतो. जाळीवर इशारा मिळताच वायूचे आयनीभवन होते आणि काही दशक नॅनोसेकंदांत हजारो अँपिअर वाहू लागतात. दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या गरजेतून हायड्रोजन थायराट्रॉन पुढे आला. जगात तो बनवणारे कारखाने थोडे, आणि ते कमीच होत चालले आहेत. भारतात पिलानीच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी संशोधन संस्थेने तो तयार करण्याचे काम हाती घेतले, त्यामागे हेही एक कारण आहे. अलीकडे त्याची जागा अर्धवाहकी स्विच घेऊ लागले आहेत. एकेकटा स्विच एवढा दाब सोसत नाही. म्हणून अनेकांना एकत्र बांधून एकाच क्षणी उघडावे लागते.

थायराट्रॉनचा एक दोष मोठा विलक्षण आहे. तो कधी कधी न सांगताच पेटतो. इशारा दिलेला नाही, शलाका आलेली नाही, आणि किकर झटका देऊन मोकळा! उलटपक्षी इशारा देऊनही तो गप्प राहतो, असेही घडते. दोन्ही प्रमाद क्वचित होतात. पण रचनाकाराला ते रोज होतील असे धरूनच पुढची व्यवस्था करावी लागते.

सांध्याचा तो एकुलता एक नियम येथेही लागू आहेच. बूस्टर वलयात इलेक्ट्रॉन अखंड धारेने फिरत नाहीत. ते तीन पुंजक्यांत विभागलेले असतात आणि दोन पुंजक्यांत सुमारे ३० नॅनोसेकंदांचे अंतर असते. बूस्टरमधून त्यांना बाहेर काढणाऱ्या किकरला आपले क्षेत्र चढवायचे ते मोकळ्या जागेच्या हिशेबाने. जो पुंजका अर्ध्या चढलेल्या क्षेत्रात सापडेल, तो अर्धाच वळेल आणि नळीच्या भिंतीवर आपटून संपेल.

इंडस-२ मध्ये तर हा हिशेबच जुळत नाही. तेथे पुंजक्यांसाठी २९१ जागा आहेत, आणि लगतच्या दोन जागांत अंतर आहे दोन नॅनोसेकंदांचे. पूर्ण भरलेल्या वलयात दोनशे मिलिअँपिअर प्रवाह असताना सुमारे ७२ हजार कोटी इलेक्ट्रॉन फिरत असतात. तेथे सांधा हलवायला फटच नाही. मग नवी गाडी आत घ्यायची कशी?

उत्तर मोठे चतुर आहे. सांधा हलवायचाच नाही; मुख्य मार्गच गाडीसकट क्षणभर बाजूला सरकवायचा आणि पुन्हा जागेवर आणायचा. यासाठी एक नव्हे, चार किकर एकापुढे एक बसवलेले असतात. पहिला फिरत्या शलाकेला बाहेरच्या बाजूला ढकलतो. दुसरा तिला पुन्हा मूळ दिशेला समांतर करतो. तिसरा आत वळवतो आणि चौथा तंतोतंत जुन्या वाटेवर आणून सोडतो. चौघांनी मिळून वाटेला एक उंचवटा आणला. वलयाच्या उरलेल्या भागाला त्याचा पत्ताही नाही. हा उंचवटा शलाकेला प्रवेशद्वाराच्या पातळ भिंतीजवळ नेतो. नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडून नवे इलेक्ट्रॉन येतात आणि जुन्यांच्या शेजारी, जवळपास समांतर, वलयात उतरतात. मग उंचवटा ओसरतो. नवे इलेक्ट्रॉन मूळ वाटेच्या आजूबाजूला डोलत फिरत राहतात. पण ते डोलत पुन्हा भिंतीपाशी येईपर्यंत वाट भिंतीपासून दूर गेलेली असते. पुढे प्रकाश फेकता फेकता त्यांचे डोलणे मंदावते आणि ते जुन्यांत मिसळून जातात. परातीतल्या गोटीला जे घर्षण मिळत नव्हते, ते इलेक्ट्रॉनला त्याच्याच प्रकाशातून मिळते. मात्र ऊर्जा कमी असताना हे शमन फार हळू होते. ऊर्जा निम्मी केली की त्याला आठपट वेळ लागतो. त्यामुळे बूस्टरमधून येणाऱ्या दोन खेपांमध्ये पुरेशी उसंत ठेवावी लागते. इंदूरला ही खेप सेकंदाला एक याप्रमाणे येते. अशा अनेक खेपांनी वलय भरले की मग ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढवतात, आणि त्यानंतर काही तास प्रयोगकर्त्यांचे.

या चौघांचे जमणे महत्त्वाचे. एकाचा झटका थोडा कमी पडला, किंवा एक जण इतरांपेक्षा काही नॅनोसेकंद मागे राहिला, की उंचवटा पूर्ण मिटत नाही आणि आत आधीपासून जमलेले इलेक्ट्रॉन हेलकावू लागतात. नवे घ्यायला जावे आणि जुने गमवावे, अशी अवस्था. म्हणून चारही चुंबकांचे फेराइट, त्यांच्या नळ्यांवरील थरांची जाडी, त्यांना वीज नेणाऱ्या तारांची लांबीसुद्धा सारखी ठेवावी लागते. दोन तारांत एका फुटाचा फरक राहिला तर दीडेक नॅनोसेकंदाचा फरक पडतो, कारण तारेतून विद्युतलहर प्रकाशाहून सावकाश जाते. कागदावर चारही चुंबके सारखीच असतात. कार्यशाळेत दोन वस्तू अगदी सारख्या करणे किती अवघड आहे, ते करणाऱ्यालाच ठाऊक. डॉ. दिलीप भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली हे केंद्र उभे राहिले, तेव्हा देशात साठवण-वलय बांधल्याचा अनुभवच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉनमध्ये कण एकदाच जातात आणि लक्ष्यावर आदळतात. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनमध्ये ते मळसूत्री मार्गाने बाहेर पडतात. फिरत्या गर्दीत नव्याला जागा करून देण्याचा प्रश्न तेथे येत नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडस-१ या १९ मीटरच्या लहान वलयावर तो आधी सोडवला गेला, आणि मग इंडस-२ वर.

वर ज्या पातळ भिंतीचा उल्लेख आला, ती 'सेप्टम' नावाच्या दुसऱ्या एका चुंबकाची असते. किकरचा झटका मोजका. नव्या इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या नळीतून वळवून आणण्याचे जड काम सेप्टम करते. तिच्या एका बाजूला जोरदार क्षेत्र आणि काही मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या भिंतीपलीकडे जवळपास शून्य. क्षेत्र अल्पकाळ टिकणारे असेल, तर तांब्यात उठणारे भोवरा-प्रवाहच त्याला पलीकडे झिरपू देत नाहीत. किकरमध्ये ज्यांना हाकलण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच भोवरे शेजारच्या यंत्रात पहारेकरी होतात.

इंदूरला किकर चुकला तर काही इलेक्ट्रॉन वाया जातात, भरण्याचा वेळ लांबतो आणि प्रयोगकर्ता ताटकळतो. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत चूक एवढ्यावर भागत नाही. तेथील २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरशी इंदूरचे नाते आहे. त्यासाठी लागलेली सुमारे दोन हजार अतिवाहक दुरुस्ती-चुंबके आणि अवाढव्य चुंबकांना अचूक उंचीवर तोलून धरणारे हजारो जॅक भारताने पुरवले, आणि या कामाचे सूत्रधार इंदूरचे केंद्र होते. या यंत्रात प्रोटॉनच्या एका भरण्यात सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा येऊ शकते. कोणत्याही धातूत घुसली तर त्याला वितळवील, अशी ही धार. तिला वलयात उतरवण्यासाठी प्रत्येक दिशेला चार किकर आहेत. त्यांचे क्षेत्र एका मायक्रोसेकंदाच्या आत चढावे लागते आणि मग सात-आठ मायक्रोसेकंद हलता कामा नये. त्यासाठी ५४ हजार व्होल्टांवर भरलेल्या जाळ्यातून पाच हजारांहून अधिक अँपिअर सोडले जातात. येथे चुंबकाचे तेहेतीस कप्पे करून प्रत्येकाला कपॅसिटर जोडले आहेत, जेणेकरून विद्युतलहर तारेतून यावी तशी चुंबकातून सरकत जावी आणि टोकाच्या रोधकात विरून जावी. लहर उलटी फिरली, तर मावळलेले क्षेत्र पुन्हा डोके वर काढील.

या किकरांच्या मातीच्या नळीला थर नाही. तिच्या आतील खाचांत तारा बसवल्या आहेत. मूळ आराखड्यात २४ तारा होत्या. पण तारांच्या टोकांशी उच्च दाबाने ठिणग्या उडू लागल्या, म्हणून त्या १५ वर आणण्यात आल्या. ठिणग्या आवरल्या, पण झाकण विरळ झाले. शलाकेची तीव्रता वाढत गेली तसे २०१२ मध्ये एका किकरचे फेराइट इतके तापू लागले की, ते निवेपर्यंत नवे प्रोटॉन आत सोडता येईनात. फेराइट सुमारे सव्वाशे अंशांवर आपला चुंबकीय गुणच सोडते. म्हणजे झटका अर्धवट. जगातील सर्वांत मोठे यंत्र एका भाजक्या काळ्या विटेच्या निवण्याची वाट पाहत तासन् तास थांबत असे. तो किकर त्याच वर्षी सप्टेंबरात बदलण्यात आला. २०१३-१४ च्या दीर्घ विरामात तारांच्या टोकांची रचना नव्याने करून सर्व किकरांत २४ तारा बसवल्या गेल्या. त्यापूर्वी, २०११ मध्ये, किकरमध्ये ठिणगी पडून प्रोटॉनांचे पुंजके वाट चुकल्याचेही घडले होते. वाटेत मुद्दाम उभ्या केलेल्या शोषक ठोकळ्याने ते झेलले. रेल्वेत चुकलेली गाडी वाळूच्या चढावर घालण्याची सोय असते, तिचाच हा अवतार.

आता नव्या पिढीची वलये येत आहेत. त्यांची शलाका अत्यंत बारीक, आणि म्हणूनच कणाला वाटेपासून ढळायला फारच थोडी मुभा. नव्या इलेक्ट्रॉनांनी जुन्यांच्या शेजारी उतरून डोलत राहावे, इतकी जागाच तेथे नाही. स्वीडनच्या 'मॅक्स-४' ने चार किकरांचा उंचवटा सोडून एकच वेगळ्या घडणीचा किकर बसवला. त्याच्या ऐन मध्यावर क्षेत्र शून्य आणि बाजूला जोरदार. त्यामुळे मधून जाणाऱ्या जुन्या शलाकेला धक्का लागत नाही आणि बाजूने येणाऱ्या नव्या कणांनाच वळण मिळते. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेने २०२४ मध्ये पुन्हा सुरू केलेल्या ११०४ मीटरच्या वलयात तर शेजारी बसवण्याचा नादच सोडला. तेथे जुना, झिजलेला पुंजका पूर्ण बाहेर काढतात आणि त्याच जागी नवा, पूर्ण भरलेला पुंजका ठेवतात. वलयात ३२४ पुंजके असताना दोहोंतील अंतर साडेअकरा नॅनोसेकंदांपेक्षा कमी. तेवढ्या फटीत झटका चढला पाहिजे, एका पुंजक्याला लागला पाहिजे आणि पुढचा येण्यापूर्वी संपला पाहिजे. जलंबचा सांधा धावत्या गाडीच्या दोन डब्यांमधल्या फटीत बदलावा आणि पुन्हा पूर्ववत करावा, तसे हे काम. येथे फेराइटही मंद पडते. लोखंडी गाभाच नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या आणि त्यांना हजारो व्होल्टांचा झटका देणारे अर्धवाहकी स्विच, एवढ्यावर ते भागवले जाते.

इंडस-२ नंतरच्या, सहा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या भारतीय वलयाच्या आखणीचा विचार इंदूरला झालेला आहे. ते याच नव्या पिढीचे असेल, तर त्याच्या किकरांनाही दहा-बारा नॅनोसेकंदांच्या आत उगवून मावळावे लागेल.